राष्ट्रपती आणि सरपंचपती

कोणत्याही मोठ्या पदाची निवडणूक दृष्टिपथात येऊ लागली, की वर्तमानपत्रांत व मासिकांत एका विशिष्ट प्रकारच्या लेखनास भरती येते. त्यास आपण सोयीसाठी 'नामावळीचे वाङ्मय' म्हणू. श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. पद पाच वर्षांचे. तेव्हा २०२७ साली पुढे कोण, आणि त्यातही स्त्रियांपैकी कोण, हा विषय या वाङ्मयास आयताच मिळालेला आहे. सुशिक्षित कुटुंबांतही हा वाद मोठ्या चवीने चालतो. रात्रीची जेवणे आटोपल्यावर वडील एक नाव सुचवितात, कॉलेजात जाणारी मुलगी दुसरे पुढे करते, आणि ज्यांनी सरोजिनी नायडूंची कीर्ती आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली असते त्या आजी, यांपैकी एकही त्या तोलाची नाही, असा निकाल देऊन मोकळ्या होतात.

हा वाद निरर्थक आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्या देशात स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर लावून घेण्यास अजून खेटे घालावे लागतात, त्या देशात सर्वोच्च पदासाठी स्त्रियांची नावे सहजगत्या उच्चारली जावीत, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु हा वाद ज्या रीतीने चालतो ती रीत सदोष आहे. आणि तो दोष केवळ राजकारणाचा नसून आपल्या वाङ्मयाचा आणि भाषेचाही आहे, एवढेच दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

नामावळीच्या लेखनाची तीन लक्षणे कोणासही सहज दिसतील. पहिले असे, की त्यात स्त्रीची ओळख नात्याने सुरू होते. अमक्यांची कन्या, तमक्यांची सून, दिवंगत अमुकांची पत्नी, असे सांगून झाल्यावर मग तिचे स्वतःचे कार्य एका वाक्यात उरकले जाते. दुसरे असे, की पुरुष उमेदवाराविषयी लिहिताना ज्या गुणांचा कोणी विचारही करीत नाही, ते गुण येथे अग्रभागी येतात: राहणी साधी आहे काय, बोलणे मृदू आहे काय, वागण्यात सोज्ज्वळपणा आहे काय. तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. या स्त्रीने आजवर कोणत्या सभेचे अध्यक्षस्थान भूषविले, कोणता निर्णय स्वतःच्या सहीने व स्वतःच्या जबाबदारीवर घेतला, आणि त्या निर्णयाबद्दल लोकांपुढे उभे राहून कधी जाब दिला, हे प्रश्न या नामावळीत बहुधा आढळतच नाहीत.

या रीतीची पारख करावयाची तर दिल्ली हे ठिकाण सोयीचे नाही. तेथे सर्वच वस्तू भव्य दिसतात. आम्ही वाचकांस ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाकडे, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांकडे पाहावयास सांगतो. कसाऱ्याच्या गाडीने जाताना वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही जी स्टेशने लागतात ती शहापूर तालुक्यातली. आणि कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता ज्या मुलखातून जातो तो मुरबाडचा. मुंबईकरांस पहिल्या तालुक्याची ओळख पाण्यामुळे आहे आणि दुसऱ्याची पावसाळी सहलींमुळे. राष्ट्रपतिपदाच्या चर्चेत ही नावे कोणी घेत नाही. तथापि त्या पदाशी या दोन तालुक्यांचा संबंध अगदी मोजून सांगता येण्याजोगा आहे.

राष्ट्रपतीची निवड जनता प्रत्यक्ष करीत नाही. संसदेचे व राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य ती करतात, आणि राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे आमदाराच्या मताचे मूल्य ठरते. १९७१ च्या जनगणनेतील महाराष्ट्राची लोकसंख्या २८८ आमदारांत वाटून, आलेल्या संख्येस हजाराने भागिले असता १७५ हा आकडा येतो. म्हणजे २०२२ साली शहापूरच्या आमदारांच्या मताचे मूल्य १७५ होते आणि मुरबाडच्याही आमदारांच्या मताचे तेवढेच. २००९, २०१४, २०१९ व २०२४ या चारही विधानसभा निवडणुकांत दोन्ही ठिकाणी पुरुषच निवडून आले. हे दोन्ही मतदारसंघ ज्या भिवंडी लोकसभा मतदारसंघात मोडतात, तेथूनही त्याच चार वर्षांच्या निवडणुकांत पुरुषच दिल्लीस गेले. तात्पर्य, स्त्री राष्ट्रपती व्हावी की न व्हावी, या प्रश्नावर या मुलखाचे वजन जे पडावयाचे ते पुरुषांच्याच हातून पडते. यात त्या लोकप्रतिनिधींचा दोष काढण्याचा हेतू नाही. उमेदवारांची यादी मतपेटीपर्यंत पोहोचण्यापूर्वी ती कोठे आणि कशी तयार होते, याकडे मात्र लक्ष वेधावयाचे आहे.

आता गेल्या पंचवीस वर्षांतील उदाहरणेच घेऊ. २००२ साली कॅप्टन लक्ष्मी सहगल या डॉ. अब्दुल कलाम यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. २००७ साली प्रतिभाताई पाटील निवडून आल्या. २०१७ साली मीरा कुमार यांचा रामनाथ कोविंद यांनी पराभव केला. २०२२ साली मुर्मू विजयी झाल्या. चार स्त्रिया, दोन जय, दोन पराजय. या चौघींपैकी प्रतिभाताईंच्या वेळची चर्चा मराठी वाचकांस अधिक आठवत असेल. त्या १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जळगावहून विधानसभेत गेल्या. पुढे अनेक वर्षे राज्याच्या मंत्रिमंडळात होत्या. १९७९-८० मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. राज्यसभेचे उपसभापतिपद व राजस्थानचे राज्यपालपदही त्यांनी सांभाळले. इतकी दीर्घ कारकीर्द समोर असता २००७ च्या उन्हाळ्यात चर्चा कशाची झाली? त्या मराठी आहेत, याची. शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून त्यांस पाठिंबा दिला तो याच कारणासाठी. त्या स्त्री आहेत, याची. आणि स्त्रीला 'राष्ट्रपती' म्हणावे तरी कसे, याची. त्यांच्या मंत्रिपदाच्या काळातील एखाद्या निर्णयाची चिकित्सा, अनुकूल वा प्रतिकूल, सामान्य वाचकाच्या वाट्यास क्वचितच आली. त्यांची प्रशंसा करणारे आणि त्यांस नावे ठेवणारे, दोघेही या बाबतीत सारखेच उणे पडले.

मुर्मूंची कथा याहून बोधप्रद आहे. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यात रायरंगपूर नावाचे लहानसे शहर आहे. तेथे शिक्षिकेचे काम केलेल्या या संथाळ स्त्रीने १९९७ साली तेथील नगरपंचायतीची निवडणूक जिंकली. तीन वर्षांनी त्या आमदार झाल्या, पुढे मंत्री, पुढे झारखंडच्या राज्यपाल. १९९७ साली भावी स्त्री-राष्ट्रपतींची नामावळी कोणी छापली असती तर तीत रायरंगपूरच्या नगरसेविकेचे नाव असणे शक्य होते काय? नामावळीचे वाङ्मय नेहमी शिडीच्या वरच्या पायरीकडे पाहते. आणि चढणारी व्यक्ती तर खालच्या पायरीवर असते. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही गावीही आज नगरपंचायती आहेत. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी जमातींची येथे वस्ती आहे. म्हणजे मुर्मू ज्या पायरीवरून निघाल्या ती पायरी येथेही तंतोतंत आहे. तिच्यावर उभ्या असलेल्या स्त्रीचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी भाषेचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे. कारण स्त्रीच्या अधिकाराविषयी समाजाच्या मनात जो गोंधळ असतो तो प्रथम शब्दांत प्रकट होतो. 'राष्ट्रपती' या शब्दातील 'पती' स्त्रीस कसा लावावा, अशी शंका २००७ साली अनेक विद्वानांनी घेतली. जुलै २०२२ मध्ये तर लोकसभेतील एका ज्येष्ठ सदस्याच्या तोंडून 'राष्ट्रपत्नी' असा शब्द बाहेर पडला, आणि त्याबद्दल त्यांस क्षमा मागावी लागली. वस्तुतः ही शंका व्याकरणाच्या अज्ञानातून आलेली आहे. 'पती' याचा मूळ अर्थ धनी, पालक, स्वामी असा असून नवरा हा त्याचा एक विशेष अर्थ आहे. सेनापती, सभापती, कुलपती, लखपती या शब्दांत लग्नाचा संबंध कोठेही नाही. पाणिनीने तर या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक उदार दृष्टी दाखविली आहे. 'पत्नी' हे रूप त्याने यज्ञातील सहभागाच्या संबंधात सांगितले. आणि 'पति' हा शब्द समासाच्या शेवटी आला असता स्त्रीलिंगात 'पत्नी' हे रूप विकल्पाने होते, असा स्वतंत्र नियम दिला. म्हणजे घराची स्वामिनी ती जशी गृहपत्नी तशीच ती गृहपतीही होऊ शकते. स्त्री राष्ट्रपती असणे हे संस्कृत व्याकरणास अडीच हजार वर्षांपूर्वीच मान्य होते. अडचण पडली ती आमच्या सुशिक्षितांस.

पण याच 'पती' शब्दाचा आणखी एक समास आमच्या काळात जन्मास आला आहे, आणि त्यावर मात्र कोणा विद्वानाने शंका घेतल्याचे ऐकिवात नाही. तो शब्द 'सरपंचपती'. 'सरपंच' हा शब्द मुळात लिंगनिरपेक्ष. पंचांतील प्रमुख एवढाच त्याचा अर्थ. बाई सरपंच झाली म्हणून त्यास काही जोडण्याची आवश्यकता नव्हती. तरीही 'पती' जोडला गेला, आणि तो बाईच्या नावास न जोडता तिच्या नवऱ्यासाठी एक नवे पद निर्माण करण्याकरिता जोडला गेला. राष्ट्रपती म्हणजे राष्ट्राचा नवरा नव्हे, हे समजावून सांगण्यास ज्यांस पाणिनी लागतो, ते सरपंचपती या शब्दाचा अर्थ एका क्षणात ओळखतात. येथे पती म्हणजे नवरा. आणि नवरा म्हणूनच स्वामी.

आमच्या ग्रामीण बोलीने ही गोष्ट फार पूर्वीच नोंदवून ठेविली आहे. खेड्यातील स्त्री आपल्या नवऱ्याचा उल्लेख 'कारभारी' असा करते. कारभार पाहणारा तो कारभारी. घरचा पाहो की गावचा. 'कारभारीण' हा शब्दही भाषेत आहे. पण तो बहुधा कारभाऱ्याची बायको किंवा घर सांभाळणारी गृहिणी याच अर्थाने वापरला जातो, गावचा कारभार चालविणारी स्त्री या अर्थाने नव्हे. ज्या भाषेत नवरा आणि प्रशासक यांस एकच शब्द आहे, त्या भाषेच्या प्रदेशात बाई सरपंच झाली असता खुर्ची कोणाकडे जाईल, याचा अंदाज करण्यास ज्योतिषाची गरज नाही.

कायद्याने आपले काम केले, हे कबूल केले पाहिजे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायतींतील किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांस मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. सरपंच, पंचायत समितीचे सभापती, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष या पदांसही ते लागू झाले. त्यामुळे शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत, जेथे पूर्वी बाई चावडीसमोरून जाताना डोक्यावरचा पदर सावरून जात असे, तेथे तिच्या नावाची पाटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली.

आणि हे पद नाममात्र नाही. शहापूर तालुक्याचेच उदाहरण पाहावे. तानसा आणि भातसा या तालुक्यातल्या. त्यांचे पाणी मुंबईस जाते. तानसेचे धरण १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आले आहे. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर मात्र दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकरची मागणी करावयाची ती ग्रामपंचायतीच्या ठरावाने; विहिरीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव जावयाचा तो सरपंचाच्या सहीने; आणि डोक्यावर हंडा घेऊन डोंगर उतरावयाचा तो बाईने. ज्या प्रश्नाचा भार तीच वाहते, त्या प्रश्नावर ठराव लिहिण्याचा अधिकार इतिहासात प्रथमच तिच्या हाती आला. राज्यकारभार म्हणजे काय, याचे याहून चोख शिक्षण कोणत्या विद्यापीठात मिळणार? तहसील कचेरीत उभे राहून आपल्या पाड्याचा टँकर मागणारी बाई राज्यशास्त्राचा जो पाठ शिकते, तो पुढे मोठ्या सभागृहातही तिच्या कामी येतो.

परंतु त्या ठिकाणी नवरा उभा राहिला तर पाठ नवरा शिकतो. बाई घरी सही करते. कागद तो नेतो. ग्रामसेवक त्याच्याशी बोलतो. ग्रामसभेत तो बोलतो. गावकरी त्यालाच 'सरपंच' म्हणून हाक मारतात. हा प्रकार या दोन तालुक्यांपुरता नाही. तो सर्व देशात इतका रूढ झाला, की २०२३ साली केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयास त्याचा विचार करण्यासाठी समिती नेमावी लागली. याची फळे पाच वर्षांनी दिसतात. बाईच्या नावावर एक कारकीर्द जमा होते आणि नवऱ्याच्या अंगी एक अनुभव जमा होतो. पुढे पंचायत समितीचे, जिल्हा परिषदेचे तिकीट मागण्याची वेळ आली, की तो अनुभव बोलू लागतो आणि ती कारकीर्द गप्प राहते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. हा संक्रमणकाळ आहे. पहिल्या वर्षी नवरा बोलतो, दुसऱ्या वर्षी बाई कागद वाचू लागते, तिसऱ्या वर्षी ती सही करण्यापूर्वी प्रश्न विचारते. असे घडते, हे आम्ही नाकारीत नाही. किंबहुना हाच या व्यवस्थेतील आशेचा भाग आहे. परंतु नेमकी येथेच दुसरी अडचण येते. आरक्षण फिरते असते. ज्या मुदतीच्या अखेरीस बाई खरोखर सरपंच झालेली असते, त्या मुदतीनंतर ते पद किंवा तो प्रभाग खुला होतो, आणि खुल्या जागेवर तिला उभे करण्याची बुद्धी कोणत्याही पक्षास सहसा होत नाही. जणू काही आरक्षित जागा म्हणजे स्त्रियांची जागा आणि खुली जागा म्हणजे पुरुषांची, असा अलिखित कायदाच झाला आहे. शिकविलेला विद्यार्थी परीक्षेच्या दिवशी वर्गाबाहेर काढावा, तसा हा प्रकार आहे. लोकसभा व विधानसभांत स्त्रियांस एक-तृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ साली झाली. पण तिच्या अंमलबजावणीस जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांची अट घालण्यात आली. त्या जागा भरण्याची वेळ येईल तेव्हा तयार स्त्रिया कोठून आणावयाच्या, असा प्रश्न पक्ष विचारतील. आणि त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच प्रत्येक पाच वर्षांनी घरी पाठविलेले असेल.

येथपर्यंत राजकारणाचा विचार झाला. आता आपल्या घरचा, म्हणजे वाङ्मयाचा, हिशेब मांडला पाहिजे. नाहीतर दुसऱ्यास नावे ठेवण्याचा अधिकार आपणास पोहोचत नाही. सत्ताधारी स्त्रीचे कोणते चित्र मराठी वाचकाच्या मनात आपण उभे केले? इतिहासाकडे पाहिले तर जिजाबाई, ताराबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई ही नावे येतात, आणि त्यांविषयी मराठीत लिहिलेले थोडे नाही. पण या लेखनाचा सूर लक्षपूर्वक ऐकावा. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव १७६६ साली वारले, आणि पुत्र मालेराव १७६७ साली. त्यानंतर राज्य त्यांच्या हाती आले. ताराबाईंनी सूत्रे घेतली ती राजारामांच्या मृत्यूनंतर; लक्ष्मीबाईंनी गंगाधररावांच्या. आमच्या काळाजवळचे उदाहरण घ्यावयाचे तर गोव्यात दयानंद बांदोडकरांच्या निधनानंतर १९७३ साली त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांनी १९७७ ची निवडणूक जिंकून ते पद पुन्हा मिळविले, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या स्मरणातही नसते. पुरुष गेला म्हणून स्त्री आली, ही कथा आम्हांस सांगता येते आणि ती ऐकताना आमचा कंठ दाटून येतो. पुरुष हयात आहे, शेजारी उभा आहे, आणि तरीही खुर्चीवर स्त्री आहे, ही कथा सांगण्यास आमच्याजवळ शब्द नाहीत. सरपंचपती नेमका या मोकळ्या जागेत उभा आहे. आमच्या वाङ्मयाने जी जागा लिहिलीच नाही, ती त्याने बळकाविली.

आधुनिक राजकीय कादंबरीनेही ही उणीव भरून काढली नाही. अरुण साधूंची 'सिंहासन' ही या प्रकारातील मानाची कृती; मंत्रालयातील सत्तेच्या डावपेचांचे इतके जाणते चित्रण मराठीत दुर्मिळ आहे. पण त्या पटावर मुख्यमंत्री पुरुष, त्यांचा प्रतिस्पर्धी पुरुष, आणि हे सर्व पाहणारा वार्ताहरही पुरुष. लेखकाने तत्कालीन वास्तवच रंगविले, असे म्हणता येईल. आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यापासून २०२५ सालापर्यंत एकही स्त्री मुख्यमंत्रिपदावर आली नाही, हे पाहता ते वास्तव अजूनही टिकून होते. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून १९८२ साली निघालेल्या 'उंबरठा' चित्रपटात अधिकारावर असलेली स्त्री दिसते खरी. परंतु तिचा अधिकार एका महिलाश्रमापुरता, आणि त्याची किंमत तिचे घर. स्त्री कारभार पाहू लागली की ती घराला मुकते, हीच शिकवण सामान्य प्रेक्षकाने त्यातून घेतली असल्यास नवल नाही.

या सर्वांत एक अपवाद आहे, आणि तो ठाणे जिल्ह्यानेच दिलेला आहे. जानेवारी १९४५ मध्ये शहापूर-मुरबाडच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यानंतर डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांचा जो लढा झाला, त्याच्या अग्रभागी गोदावरी परुळेकर होत्या. त्याची हकीकत त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सांगितली, आणि त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यांचे राजकीय मत सर्वांस पटेल असे नाही, आणि येथे त्याची चर्चाही नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्यांचे पती शामराव त्याच चळवळीत, त्याच ठिकाणी, हयात व कार्यरत होते. आणि तरीही वारल्यांनी 'गोदाराणी' म्हटले ते गोदावरीबाईंस. राणी हा शब्द येथे राजाच्या बायकोस लावलेला नाही. लोकांनी तो एका स्त्रीस तिच्या स्वतःच्या कर्तृत्वाबद्दल दिला. पुढे १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या. निरक्षर म्हणून ज्यांस आपण बाजूस सारतो, त्या माणसांची भाषा या बाबतीत आमच्या नामावळीकारांपेक्षा अधिक अचूक होती.

साहित्यिकांच्या स्वतःच्या अध्यक्षपदाची स्थितीही सांगून टाकू. १८७८ पासून २०२५ पर्यंत मराठी साहित्य संमेलनाची ९८ अधिवेशने झाली. त्यांत स्त्री अध्यक्ष सहा: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. राष्ट्रपतिपदासाठी स्त्रियांची नावे सुचविणाऱ्या मराठी लेखकांनी ही संख्या दृष्टीआड करू नये. पण या सहांतील एक नाव आमच्या मुद्द्यासाठी विशेष उपयोगी आहे. १९७५ साली कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध जी निर्भय भूमिका घेतली, ती त्यांस कोणी लिहून दिलेली नव्हती. अध्यक्षपद मिळणे आणि अध्यक्षस्थानावरून बोलणे यांत जे अंतर आहे, ते कऱ्हाडने महाराष्ट्रास दाखविले. रायसीना टेकडीवरील पदास आणि शहापूरच्या एखाद्या पाड्यावरील पदास हीच एक कसोटी लागू पडते.

यावर कोणी असे म्हणेल, की राष्ट्रपतिपद हे तर शोभेचे पद. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणाऱ्या पदासाठी एवढी कसोटी कशास? हा आक्षेप ऐकण्यास चतुर आहे, पण तो सरपंचपतीचाच युक्तिवाद आहे. बाईने खुर्चीवर बसावे, निर्णय दुसऱ्याने घ्यावा, हेच त्यात गृहीत धरलेले आहे. घटनेने राष्ट्रपतीस सल्ला पुनर्विचारार्थ परत पाठविण्याचा, अर्थविषयक नसलेले विधेयक एकदा संसदेकडे फेरविचारासाठी धाडण्याचा अधिकार दिला आहे. या अधिकाराचे मूल्य तो वापरणाऱ्याच्या मनोधैर्यावर अवलंबून आहे. आणि सही करण्यापूर्वी कागद वाचण्याची व प्रश्न विचारण्याची सवय जिने ग्रामपंचायतीत लावून घेतली नाही, तिला ती राष्ट्रपती भवनात एकाएकी कशी लागावी?

तेव्हा २०२७ साठी अमुक स्त्री की तमुक, या वादात आम्ही स्वतःचे एखादे नाव घालू इच्छीत नाही. जी नावे चर्चेत येतात त्यांपैकी कोणी अपात्र आहे, असेही आमचे म्हणणे नाही. आमची सूचना इतकीच, की नाव घेणाऱ्याने त्या नावाबरोबर तीन गोष्टी सांगाव्या. या स्त्रीने कोणत्या सभेचे काम स्वतः चालविले? आपल्या माणसांच्या, घरच्या वा पक्षाच्या, इच्छेविरुद्ध तिने कधी सही नाकारली काय? आणि पद गेल्यावर, आरक्षण उठल्यावर, ती लोकांपुढे पुन्हा उभी राहिली काय? या प्रश्नांची उत्तरे देता आली तर नामावळीचे वाङ्मय हे खरोखर टीकावाङ्मय होईल, आणि घराघरांतील तो रात्रीचा वादही अधिक अर्थपूर्ण होईल.

आणि ज्यांस पुढील वीस-पंचवीस वर्षांचा अंदाज बांधावयाचा असेल, त्यांनी दिल्लीच्या वार्तापत्रांऐवजी शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांतील ग्रामसभांची कार्यवृत्ते उघडून पाहावी. टँकरच्या ठरावावर, विहिरीच्या प्रस्तावावर एखाद्या बाईची सही असेल. ती सही तिने ठराव वाचून केली की नवऱ्याने पुढे केलेल्या कागदावर केली, हे कार्यवृत्तात लिहिलेले नसते. ते शोधून काढणे हे वार्ताहराचे, कादंबरीकाराचे आणि टीकाकाराचे काम आहे. आणि ते काम आम्ही मराठी लेखकांनी अद्याप पुरतेपणी हाती घेतलेले नाही.